खालच्या गल्लीची कुलपं

किस्से उकिरड्यागत असतात. उकिरडा कोण मुद्दाम बांधायला बसत नाही. सकाळी एक पाटी टाकायची, संध्याकाळी एक टाकायची, आणि एक दिवस बघावं तर दारासमोर डोंगर उभा. आमच्या खालच्या गल्लीचं तसंच झालंय. राधानगरीच्या अलीकडं सात घरांची गल्ली, एका अंगाला ओढा, एका अंगाला ऊस. मोठं काही इथं घडत नाही. पण बारकं बारकं इतकं घडलंय की ठेवायला जागा उरलेली नाही. नातवंडांना सांगावं तर त्यांच्या कानात वायरी. म्हणून तुम्हाला सांगतो. ऐकायचं असेल तर ऐका, नसेल तर उठा, मी काय पाय धरणार नाही.

* * *

आधी आमच्या गल्लीला कुलूपच ठाऊक नव्हतं. रानात जाताना दार ओढायचं, कडी घालायची आणि कडीत शाळवाचं एक वाळकं धाट खुपसायचं. ते चोरासाठी नव्हतं, कोंबड्यांसाठी होतं. धाट दिसलं की माणूस समजायचा, घरात कोण नाही. कोंबडीला समजायचं नाही, पण तिला कडी निघायची नाही.

नव्वदच्या पुढं कधीतरी वरच्या वाडीत भरदिवसा चोरी झाली. तांब्याचा हंडा गेला, घागरी गेल्या, विहिरीवरच्या मोटारीची केबलसुद्धा कापून नेली. सगळ्या गावाची झोप उडाली आणि आमचा पोलीस पाटील जागा झाला. हा रंगराव. ह्याचं घर आमच्याच गल्लीत आणि ह्याचं रान माझ्या रानाला लागून. दर नांगरटीला ह्याचा फाळ माझा बांध थोडा खातो, म्हणून आमचं बोलणं बंद. म्हणजे शिव्या चालू, बोलणं बंद.

रंगरावानं सगळ्या गल्लीला डेअरीच्या कट्ट्यावर बोलावलं आणि तालुक्याला ऐकून आलेलं भाषण केलं. म्हणाला, प्रत्येकानं आपल्या जीविताची आणि मालमत्तेची सुरक्षा स्वतः बघायची, सरकार काय प्रत्येकाच्या उंबऱ्यावर बसणार नाही.

माझ्या भिंतीला भिंत लागून बापूचं घर. बापू म्हणजे मनात आलेलं तोंडात थांबत नाही असा माणूस. त्यानं हात वर केला. "पाटील, मालमत्ता म्हंजे काय काय?"

"तुझ्या घरात जे जे हाय ते सगळं."

बापू विचारात पडला. मग म्हणाला, "सासू धरून का सोडून?"

सासू मागंच उभी होती. आमच्या गल्लीत जीविताला खरा धोका झाला तो त्या दिवशी.

* * *

कुलपं आणायचं काम बापूकडंच आलं, कारण तो गूळ घेऊन कोल्हापूरला जायचा. मंगळवार पेठेत एका दुकानात त्यानं इतकी घासाघीस केली की दुकानदारानं हात जोडले आणि म्हणाला, पावणं, पेटीच उचला, पण आता जावा. बापू पेटी डोक्यावर घेऊन गल्लीत आला ते लढाई जिंकल्यागत. बायकांनी कुलपांना हळदकुंकू वाहिलं. माझ्या कुलपाच्या भोकात इतकं कुंकू गेलं की पहिले दोन दिवस चावी लाल होऊन बाहेर यायची.

थोडे दिवस बरे गेले. एका दुपारी मी कट्ट्यावरनं उठलो, शेजारी पडलेली चावी उचलली, घरी आलो, कुलूप काढलं, भाकरी खाल्ली आणि आडवा झालो. तेवढ्यात बापू बोंबलत आला. त्याची चावी कट्ट्यावरनं गेली होती. मी खिशात हात घातला तर माझी चावी खिशात, आणि उशाला दुसरीच.

आम्ही एकमेकाच्या तोंडाकडं बघितलं. बाहेर आलो आणि बापूच्या दाराला माझी चावी लावली. निघालं. पुढच्या दाराला लावली. निघालं. गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर बापूचं तोंड राखेगत झालं होतं. पेटीतली सगळी कुलपं एका चावीची.

शेवटचं दार रंगरावाचं. तो मागनं आलाच. पोलीस पाटलाच्या दाराला हात कसा लावला म्हणून विचारायला लागला. आमचं बोलणं बंद. मी बापूला सांगितलं, "सांग त्याला, हात न्हाई लावला. चावी लावली."

बापू लगेच कुलपं बदलायला निघाला. पण बायकांनी त्याला उंबऱ्यातच अडवलं. आमची कारभारीण म्हणाली, बदलायचं काय कारण? हिची तूर तिच्या माळ्यावर, तिचं विरजण हिच्या फडताळात, पाऊस आला तर वाळवण कुणीबी कुणाच्याबी घरात टाकावं. धाटापेक्षा बरंच आहे, कोंबडीला तर उघडत नाही. रंगरावाला पटलं नाही, पण त्याच्याच बायकोची मिरची आमच्या घरात वाळत होती. तेव्हा त्यानं एवढंच बजावलं की ही गोष्ट गल्लीच्या बाहेर गेली, तर मी तुम्हाला ओळखत नाही.

* * *

आता हौसाक्काचं सांगायला पाहिजे. ती आमच्या पलीकडच्या दारात. नवरा लवकर गेला, पोरगी निपाणीकडं दिलेली. घर तिचं, ओढ्याकाठची पट्टी तिची, आणि एक म्हैस. बाई बोलायला कमी. बोलली की मात्र समोरच्यानं घरी जाऊन विचार करायचा.

तिचा दीर वसंतराव कोल्हापुरात ऑफिसात. माणूस वाईट नाही, पण काळजी करायची सवय, आणि काळजी केली की समोरच्याचं घर विकायला काढायची सवय. दर सणाला यायचा, चहा प्यायचा आणि सुरू करायचा: वहिनी, बाईमाणूस एकटी, गावात सुरक्षित नाही, हे सगळं विकू, आमच्या फ्लॅटवर चला, तिथं खाली वॉचमन आहे.

एकदा हौसाक्कानं विचारलं, "वॉचमन धार काढतो काय वो भावजी?"

पण वरच्या वाडीतली चोरी झाल्यावर त्यानं फारच धरलं. शेवटी ती कंटाळून म्हणाली, आमच्या गल्लीत काही भानगड झाली तर तुम्ही म्हणाल तेव्हा येते. तिनं विषय मिटवायला म्हटलं. त्यानं शब्द म्हणून धरला. आणि आमच्या गल्लीत दिलेला शब्द म्हणजे शब्द, बाईचा असला तरी. भानगड झाली की हौसाक्का गेली, घर गेलं, पट्टी गेली, म्हैस गेली. आणि ती तिकडं फ्लॅटच्या खिडकीत बसून मरणार, हे तिलाही ठाऊक होतं आणि आम्हालाही.

मग आम्ही ठरवलं, आपल्या गल्लीत भानगड होऊ द्यायची नाही. आणि त्या दिवसापासनं भानगडी सुरू झाल्या.

* * *

उन्हाळ्यात जंगलातला गवा खाली आला. काळाकुळकुळीत, पायात पांढरे मोजे घातल्यागत, अंगानं ट्रॉलीएवढा. भर दुपारी उसातनं निघाला आणि गल्लीच्या तोंडाला येऊन उभा राहिला. जो तो जवळचं दार उघडून आत. कुणाच्या घरात कोण शिरला ह्याचा मेळ नाही. मी पळत बापूच्या दाराशी गेलो आणि कुलूप काढलं. चावी मी लावली, आत रंगराव आधी शिरला.

आत आम्ही दोघंच. बापू रानात, त्यामुळं निरोप पोचवायलाही कोण नाही. बराच वेळ दोघं दोन कोपऱ्यांत उभे. शेवटी रंगरावानं मागच्या खिडकीतनं बघितलं आणि भिंतीला सांगितल्यागत म्हणाला, "गवा गेला. तुझ्या रानात उभा हाय."

मी जाऊन बघितलं. गवा बरोबर बांधाजवळ उभा. रंगरावानं यंदा नांगरून माझी जी पट्टी खाल्ली, त्याच पट्टीवर. मीही भिंतीलाच म्हटलं, ती पट्टी तुझी म्हणतोस ना? मग गवा तुझ्या रानात आहे.

रंगरावानं परत डोकं बाहेर काढून नीट बघितलं.

"पाय माझ्यात असतील," तो म्हणाला. "तोंड तुझ्यात हाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात गव्याचा फोटो. डेअरीत तेवढा एक फोन होता, तो वाजला. वसंतराव. फोन नेमका बापूनं घेतला. वसंतराव विचारत होता, तुमच्या गल्लीत गवा आला म्हणे?

"गवा न्हाई वो," बापू म्हणाला. "हौसाक्काची म्हैस ती. खुराक वाढवलाय तिनं."

पेपरात फोटो आलाय, असं वसंतराव ओरडला ते आम्हाला कट्ट्यावर ऐकू आलं.

बापू शांतपणे म्हणाला, "फोटोत सगळीच जाड दिसत्यात."

* * *

रंगरावानं मग चोरासाठी भोंगा वापरायचं काढलं. नवा आणायला नको, डेअरीवर होताच. सकाळ-संध्याकाळ दूध घालायची वेळ झाली की तो वाजायचा. रंगरावानं ठरवलं, संशयित माणूस दिसला की तोच भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी काठ्या घेऊन यायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढं एका दुपारी एक अनोळखी माणूस गल्लीत शिरला. काळी बॅग, पॉलिश केलेली चप्पल. प्रत्येक दाराशी थांबायचा, कुलपाकडं बघायचा, पुढं जायचा. बापू ओसरीला बसलेला. हा माणूस त्याच्या शेजारी टेकला, इकडं तिकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, की उद्या तुम्हाला अचानक काही झालं तर बायकापोरांचं काय?

बापू जो उठला तो थेट डेअरीत. म्हणाला, मला मारायची धमकी दिली. रंगरावानं भोंगा वाजवला.

सगळं गाव धावत आलं. काठी एकाच्याही हातात नाही, सगळ्यांच्या हातात किटल्या. बायका वेगळ्याच तापलेल्या, की आत्ता कुठली धारेची वेळ, म्हशी पान्हा सोडंनात. रंगराव ओरडून सांगतोय की चोर धरायचाय, आणि रांगेतली एक म्हातारी त्याला म्हणते, धर बाबा, पण आधी माझं दूध मापून घे.

माणूस धरला. तो विम्याचा एजंट निघाला. पण भोंगा वाजवून धरलेला माणूस लगेच कसा सोडायचा, म्हणून रंगरावानं त्याला कट्ट्यावर बसवून ठेवला. बसला तसा तो बोलायला लागला. जिवाचा भरवसा नाही, घराला आग लागते, माणसाला साप चावतो. ऐकून ऐकून रंगराव घामाघूम. संध्याकाळचा खरा भोंगा वाजला तोवर रंगराव, बापू आणि डेअरीचा मापाडी, तिघांनी सह्या केल्या होत्या.

आमची कारभारीण त्या रात्री भाकरी थापता थापता म्हणाली, "चोर असता तर एक हंडा घिऊन गेला असता. ह्यो आता दरवर्षी येणार."

* * *

बापूनं एकदा चावी हरवली, तेही सांगतो. दुसऱ्या गावात चावी हरवली तर एका घराचं जातं. आमची अख्खी गल्ली गुऱ्हाळावर शोधायला उतरली. चुलवणाची राख चाळली, चिपाडं उलथी केली. मग बापूलाच आठवलं की तो रस आटवायच्या काहिलीवर वाकला होता आणि वरच्या खिशात चावी होती. म्हणजे चावी गुळाच्या ढेपेत आणि ढेप कोल्हापूरच्या वाटेवर.

ज्याला ढेप मिळेल त्याच्या हातात सात घरं.

हौसाक्का पदर झटकून उठली. "आला तर येऊ दे," म्हणाली. "तोंड तरी गोड करून आलेला असंल."

* * *

आणि मग तो दिवस आला. दोन हजारच्या पुढची गोष्ट, सुगी आवरलेली. हौसाक्का सकाळच्या एसटीनं पेंड आणायला राधानगरीला गेली. म्हैस व्यायच्या दिवसांत आलेली, पण अजून आठवडा जाईल असा तिचा अंदाज. म्हैस घरातच, पुढच्या सोप्यात बांधलेली. बाहेरनं कुलूप.

ती गेली आणि वसंतराव आला. टेम्पो घेऊनच. बरोबर ड्रायव्हर, दोरखंड, ताडपत्री. गव्याचं त्याला कुठनं तरी खरं कळलं होतं, एजंटाचं कळलं होतं, भोंग्याचं कळलं होतं. म्हणाला, बास झालं, वहिनींनी शब्द दिलाय, आज सामान घेऊनच जाणार. दाराला कुलूप बघितलं आणि पायरीवर रुमाल टाकून बसला. आम्ही सगळे आपापल्या ओसरीवरनं बघत होतो. कुणाचं कामात लक्ष नव्हतं. बापूनं तर मोकळी किटली दोनदा डेअरीला नेऊन परत आणली.

ऊन डोक्यावर आलं आणि आतनं म्हैस हंबरली. हंबरडा साधा नव्हता. ज्यानं म्हैस पाळलीय त्याला तो कळतो. मग पाय आपटायला लागली. कारभारीण म्हणाली, वेळ झाली तिची, आणि आवाजावरनं अडलीय.

सगळी गल्ली दाराशी गोळा झाली. वसंतराव उभा राहिला. "कुलूप फोडा," म्हणाला. "दगड आणा."

कोण हललं नाही. मी बापूकडं बघितलं. बापूनं रंगरावाकडं बघितलं. रंगरावानं आभाळाकडं. प्रत्येकाच्या खिशात चावी, आणि प्रत्येकाचा हात खिशावर. उघडावं तर गल्लीची सगळी भानगड दिराच्या डोळ्यांसमोर, मग हौसाक्का टेम्पोतच बसणार. न उघडावं तर म्हैस जाते, आणि म्हैस गेली तर हौसाक्का इथं राहून तरी काय करणार. वसंतराव दगड शोधत उकिरड्याकडं निघाला. आत म्हैस परत हंबरली.

मी चावी अर्धी बाहेर काढली, परत आत घातली. रंगराव माझ्या कानाशी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मधे भिंत नाही, बापू नाही. "काढ की लेका," म्हणाला.

मी म्हटलं, "तू पोलीस पाटील. तू काढ."

"सरका," मागनं कारभारीण म्हणाली. तिनं कमरेची चावी काढली, कुलूप काढलं आणि आत गेली. बास. जे इतकी वर्षं आम्ही जपलं ते तिनं एवढ्यात उरकलं.

वसंतराव हातात दगड घेऊन उभा. "वहिनींची चावी तुमच्याकडं असते?" त्यानं विचारलं.

कारभारीण आतनंच ओरडली, "ही माझीच हाय. गरम पाणी आणा."

पुढचं सगळं घाईत झालं. बापूच्या बायकोनं पाणी आणलं, मी बाह्या सारल्या, रंगरावानं म्हशीचं तोंड धरलं. एकाच दाव्याला आम्ही दोघं. रेडकाचा एक पाय आत मुडपलेला होता, तो सरळ केला आणि ओढलं. रेडी झाली. ओली, कानाची मोठी. म्हैस वळून तिला चाटायला लागली तेव्हा रंगराव आणि मी एकाच गोणपाटाला हात पुसत होतो.

बाहेर वसंतराव कुलूप हातात घेऊन बसला होता. त्याची ऑफिसातली नजर. त्यानं बापूला हाक मारली आणि म्हणाला, तुमची चावी बघू. बापूनं माझ्याकडं बघितलं आणि दिली. लागली. मग माझी मागितली. लागली. मग तो रंगरावाकडं वळला. रंगराव म्हणाला, मी पोलीस पाटील आहे. वसंतराव म्हणाला, म्हणूनच मागतोय. लागली.

त्यानं कुलूप मांडीवर ठेवलं आणि एसटीची वाट बघत बसला. आम्ही समजलो, संपलं.

संध्याकाळच्या एसटीनं हौसाक्का उतरली. डोक्यावर पेंडीचं पोतं. दारात टेम्पो बघितला, दीर बघितला, आत जाऊन रेडी बघितली. बराच वेळ आतच होती. बाहेर आली ती पदर खोचून. पहिल्यांदा टेम्पोवाल्याला म्हणाली, "बाळा, उपाशी जाऊ नको, चार घास खा. आणि खाल्ल्यावर गाडी वळवून लाव, ह्यास्नी उजेडात वाटेला लागू दे."

वसंतराव ताडकन उठला. कुलूप तिच्या तोंडासमोर धरलं. त्याचा आवाज चढला होता, पण त्यात राग कमी आणि रडू जास्त होतं.

"वहिनी, ह्याला भानगड नाही तर काय म्हणायचं? ह्या गल्लीतला प्रत्येक माणूस तुमच्या घरात शिरू शकतो. प्रत्येकाकडं चावी आहे. सकाळपासनं बाहेर बसलोय तो मी एकटा!"

हौसाक्कानं त्याच्या हातातनं कुलूप घेतलं, पदरानं पुसलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"मग कुलूप चांगलं हाय म्हणायचं."